आत्याचे डोळे

आत्याला फोटो हवा होता तो फ्रेम करून ठेवायला. "नाहीतर मी गेल्यावर आधार कार्डावरचाच मोठा करून भिंतीला लावाल," हे तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

मे महिना, साताऱ्याजवळचं गाव, दुपारचे साडेबारा. कॅमेरा नवा, त्यामुळे मला दम नव्हता. तिला जरीची नऊवारी नेसायला लावून अंगणात खुर्चीवर बसवलं. लख्ख ऊन म्हणजे लख्ख फोटो, हा समज घरच्या अल्बममधूनच आलेला. त्यात निम्मं खानदान सूर्याकडे तोंड करून डोळे बारीक करून उभं आहे.

आत्यानं स्क्रीन पाहिली. "अरे, माझे डोळे कुठं गेले?"

खरंच नव्हते. खोबणीत काळोख, नाकाखाली सावलीची मिशी, आणि कपाळ मात्र तव्यासारखं तापलेलं. पुण्या-साताऱ्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, माणसाची सावली त्याच्या पायाखालीच सापडते. त्यातून सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. एवढ्याशा ठिपक्यातून येणारा उजेड सावली कात्रीनं कापल्यासारखी पाडतो. ढग आडवा आला की तो अख्खा ढगच दिवा होतो आणि कडा विरघळतात. पण मे महिन्यात ढग आणायचा कुठून?

चुलतभावाच्या दोन पोरांना आत्याच्या डोक्यावर चादर धरायला लावली. चादर हिरवी निघाली. आत्या शेवाळल्यासारखी दिसू लागली. मग आंब्याखाली नेलं, तर तिथं कवडसे. त्यातला एक नेमका नाकाच्या शेंड्यावर. सूर्य पाठीमागे घ्यावा, असं जाणकार सांगतात. तो डोक्यावरच बसलेला असेल तर पाठ कुठली धरायची?

मागचं अंगण धूसर यावं म्हणून लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/२.८ इतकं मोठं ठेवलं होतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १०० इतकी कमी ठेवूनही शटर सेकंदाच्या १/४००० पर्यंत गेलं. डोळ्यांतला काळोख घालवायला फ्लॅश मारावा, तर तेवढ्या वेगाला साधा फ्लॅश जुळत नाही, तो बहुधा १/२०० किंवा १/२५० लाच थांबतो. म्हणजे तीही वाट बंद.

"तुझं होईस्तोवर मी तांदूळ निवडते," म्हणून आत्या उठली. जरीचा पदर कमरेला खोचून ओसरीच्या कडेला बसली, सूप मांडीवर. वर पन्हाळीच्या पत्र्यांची सावली, समोर उघडं अंगण. तापलेल्या मातीवरून उसळलेला उजेड सरळ तिच्या तोंडावर येत होता, आणि सुपातले पांढरे तांदूळ तोच उजेड खालून हनुवटीला, डोळ्यांना पोचवत होते. बुबुळांत अंगणाचा छोटा उजळ चौकोन दिसत होता.

मी न बोलता तीन फोटो काढले.

"इथंच का बसलीस?" नंतर विचारलं.

"इथं खडा दिसतो आणि डोळे दिपत नाहीत. चाळीस वर्षं इथंच बसते मी."

फ्रेमवाल्यानं विचारलं, खालचं सूप कापून टाकू का? मी म्हटलं, नको, तिचा चेहरा त्याच्यामुळेच उजळलाय. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मग साइज वाढेल. पैसेही वाढतील."