तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो तर वरूनच काढलाय, मग सरळ काय करायचंय?

मी एक्स-प्लेन या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी मुंबई विमानतळाची सीनरी बनवतोय हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, सॅटेलाइट फोटो तर तयार मिळतो, मग तो सरळ करण्यात एवढे महिने कसे जातात? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो, माझा सगळ्यात जास्त जीव याच कामात आहे.

फोटो वरून काढलेला असतो पण बरोब्बर डोक्यावरून नाही, सॅटेलाइट बरेचदा बाजूने कलून बघतो. त्यामुळे जे जे उंच ते फोटोत आडवं पडतं. मुंबईचा एटीसी (विमान वाहतूक नियंत्रण) टॉवर जवळपास ८४ मीटरचा, कॅमेरा २० अंश कलला असेल तर टॉवरचं टोक बुंध्यापासून ३० मीटर लांब दिसतं. म्हणून बिल्डिंगचं छप्पर धरून फोटो कधीच जुळवायचा नाही, जमिनीवरचं काहीतरी धरायचं, रस्त्यांचा चौक, रनवेवरचे पट्टे.

पण मला सगळ्यात जास्त रडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. फोटो जिओटिफमध्ये होता, म्हणजे नकाशावरची जागा आतच लिहिलेली फाइल, आणि यूटीएम झोन ४३ मध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत, मी तो साध्या फोटो एडिटरमध्ये उघडून रंग सुधारले आणि सेव्ह केला, त्यात आतली सगळी नकाशाची माहिती पुसली गेली आणि मला पत्ताच नाही. मग फोटोच्या कडा सरळ उत्तर-दक्षिण धरून, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन वर्ल्डएडिटरमध्ये (एक्स-प्लेनचं सीनरी बनवायचं सॉफ्टवेअर) बसवला तर ०९/२७ या मुख्य, पूर्व-पश्चिम रनवेचं एक टोक जुळतंय आणि दुसरं ४० मीटर बाहेर. मी काय केलं, शिअर टूल (फोटो एका बाजूने तिरका ओढणारं) घेतलं आणि ते टोक ओढून जागेवर आणलं. मस्त जुळलं. मग त्याला छेदणारा तिरका रनवे १४/३२ बघितला तर तो १५-२० मीटर सरकलेला. तो ओढला की पहिला बिघडतो. तीन रात्री हेच.

कारण अगदी साधं होतं. झोन ४३ ची मधली रेषा ७५ अंश पूर्वेला, मुंबई तिच्या दोन अंशांहून जास्त पश्चिमेला, त्यामुळे इथे यूटीएमची उभी रेषा खऱ्या उत्तरेपासून साधारण ०.७ अंश फिरलेली असते. रनवे साधारण ३,४०० मीटर, ०.७ अंशाने ४० मीटर होतातच. म्हणजे फोटो फक्त फिरलेला होता आणि मी त्याला एका बाजूने ओढून पूर्व-पश्चिम रेघा सरळ केल्या, तिरक्या रेघांचं काम अर्धंच झालं. रनवे एकच असता तर हे मला कधी कळलंच नसतं, म्हणून मला एकमेकांना छेदणारे रनवे फार आवडतात, त्यांच्यातला कोन लगेच सांगतो की तुम्ही फोटो मुरगळलाय.

आता मी मूळ फाइलला हात लावत नाही. आधी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्शन (नकाशा-पद्धत) बदलून घेतो, मग त्यातल्याच जिओरेफरन्सरमध्ये फोटोतल्या जागा खऱ्या आकड्यांशी जोडणारे बारा-पंधरा पॉइंट. रनवेच्या टोकांचे आकडे एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या एआयपीमधून (विमानतळांची अधिकृत माहिती-पुस्तिका) घेतो, तेही पूर्ण दशांशासकट, कारण अक्षांश-रेखांशातला एक सेकंद म्हणजे साधारण ३० मीटर. दोन-तीन पॉइंट मुद्दाम बाजूला ठेवतो, शेवटी तपासायला. आणि सुधारणा अफाइनच, म्हणजे फिरवणं, ताणणं, तिरकं करणं एवढंच. वरच्या पायरीचं पॉलिनॉमिअल, म्हणजे फोटो वाकवू शकणारं गणित, लावलं की कागदावर चूक कमी दिसते पण सरळ रनवे केळ्यासारखा वाकतो, हे मला चालत नाही.

राहतात टेकड्या. २७ वर उतरताना विमान घाटकोपरवरून येतं, तिथे टेकडीवर मामाची खोली, लहानपणी मी दारात बसून विमानं मोजायचो. ५० मीटर उंचीवरची जागा २० अंशाच्या फोटोत १८ मीटर सरकते, आणि ते अफाइनने सुटत नाही, त्याला जमिनीच्या उंचीचा डेटा लागतो. मी एसआरटीएम हा डेटा वापरतो, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर स्पेस शटलने रडारने मोजलेला, ३० मीटरचे चौकोन. दाट वस्तीत त्यात छपरांची उंची मिसळलेली असते, तेवढं हाताने बघावं लागतं.

एवढं कशाला, असंही विचारतात. सिममध्ये आयएलएस, म्हणजे विमानाला रनवेकडे नेणारा रेडिओ सिग्नल, खऱ्या आकड्यांवर बसलेला असतो, फोटो चुकला तर आयएलएस तुम्हाला बरोबर जागी नेतो आणि खाली गवत दिसतं. ढगातून २०० फुटांवर बाहेर पडलो आणि सेंटरलाइन नाकासमोर नसली तर बाकीची सीनरी कितीही सुंदर असो, मला ती खोटी वाटते.

परवा पहाटेच्या उजेडात २७ वर उतरून बघितलं. टेकडी जागेवर, मामाची गल्ली जागेवर, पुढचं चाक बरोबर पांढऱ्या रेघेवर. १४/३२ चं वायव्येकडचं टोक अजून दोन मीटर बाहेर आहे, त्यावर काम चालू आहे.