प्रार्थनेतले ऋण आणि वहीतले ऋण

रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ असते. म्हणून तिच्यातली एक ओळ ओठांवरून सरकन निघून जाते : 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' मराठी भाषांतरकारांनी इथे मूळ शब्द जपला, याचे मोल फार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ६व्या अध्यायातला ग्रीक शब्द 'ओफेइलेमाता' म्हणजे देणे, फेडायचे राहिलेले कर्ज. लूकच्या शुभवर्तमानात (११:४) पहिल्या अर्ध्या ओळीत 'पापे' आहेत, पण दुसऱ्या अर्ध्यात तिथेही ऋणीच उभा आहे. येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चाले. म्हणजे अर्थ दोन्ही आहेत. आपण मात्र उपदेशात 'ऋण म्हणजे पाप' एवढे सांगून पुढे जातो आणि पैशाचा अर्थ वेशीबाहेर ठेवतो. हे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक बारकावा : 'सोडले आहे'. आधी आपण सोडलेले आहे, मग मागतो आहोत.

गालीलात ही प्रार्थना ऐकणारे लोक शेतकरी आणि कोळी होते. कर्ज त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. आपल्या किनाऱ्यावरही लागत नाही. हंगामाच्या तोंडाला जाळे, डिझेल, बर्फ यांसाठी मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली की पुढचा माल त्यालाच द्यावा लागतो, तोही तो म्हणेल त्या भावाने. वहीत व्याज दिसत नाही, कारण ते भावातच कापले जाते. आंब्याच्या बागायतदाराचीही हीच गत. फवारणीसाठी दलालाकडून पैसे उचलले की पेटीचा भाव ठरवणे हातात राहत नाही.

शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, याबाबतचे नियम कोरडे आणि नेमके आहेत. निर्गम २२ : गरिबाकडून व्याज घ्यायचे नाही, आणि गहाण घेतलेले पांघरूण सूर्य मावळण्याआधी परत करायचे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नाही. अनुवाद १५ : दर ७व्या वर्षी कर्ज सोडायचे. त्याच अध्यायात ताकीदही आहे की ७वे वर्ष जवळ आले म्हणून गरजवंताला रिकाम्या हाती पाठवू नका. ताकीद द्यावी लागली, कारण माणसे तसेच करत होती. पुढे हिल्लेल या रब्बीने 'प्रोझबुल' नावाची सोय काढली : कर्ज न्यायालयाच्या हवाली करायचे, म्हणजे ७व्या वर्षी ते सुटत नाही आणि सावकार द्यायला तयार राहतो. त्याचा हेतू गरिबाला कर्ज मिळत राहावे हाच होता. सोडण्याची तरतूद आधीच केली नाही तर देणेच बंद पडते, हा धडा त्यातून घ्यायचा.

म्हणून मंडळीत बिनव्याजी निधी उभा करायचा असेल तर पहिल्याच दिवशी 'सोडण्याचा' वाटा बाजूला काढा. २० घरांनी महिन्याला २०० रुपये दिले तर वर्षाला ४८,००० होतात. त्यातले १० टक्के, म्हणजे ४,८०० रुपये, सोडण्यासाठीच ठेवा. चर्चच्या न्यासाचा पैसा यात घालू नका. तो कुठे गुंतवायचा यावर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची बंधने आहेत. सभासदांचा स्वतंत्र बचत गट, स्वतंत्र बँक खाते आणि दोन सह्या, त्यातली एक बाईची.

हप्ते दर्याकडे बघून बांधा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा हप्ता मागणे म्हणजे त्या माणसाला पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात ढकलणे. जुलैत ९,००० दिले तर ऑगस्ट सोडून सप्टेंबर ते मे असे हजाराचे ९ हप्ते. आंबेवाल्याला महिन्याचा हप्ता लावूच नका, पेट्यांचा हिशेब झाल्यावर जूनमध्ये एकरकमी घ्या.

निधीची वही पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, देऊ नका. ज्या हातातून प्रभुभोजनाची भाकर घ्यायची त्याच हाताचे आपण देणे लागतो, अशी भावना झाली की माणूस मेजापाशी यायचा थांबतो. असे निधी मोडतात ते बहुधा इथेच. पैसे बुडण्याच्या आधी माणूस बुडतो. एक हप्ता चुकतो, मग तो मागच्या बाकावर बसायला लागतो, मग आशीर्वचनाआधीच निघून जातो, आणि महिन्याभरात रविवारी दिसतच नाही. वहीच्या आधी बाकाकडे लक्ष ठेवणारे कोणीतरी हवे.

दोन हप्ते चुकले की एकानेच घरी जावे. चारचौघांत विषय काढू नये, आणि वेदीवरून नाव तर कधीच घेऊ नये. इंजिन बिघडले का, घरात आजारपण आहे का, की व्यापाऱ्याची जुनी उचल अजून फिटायची आहे, एवढे विचारावे. मग तीनच वाटा : पुढे ढकलणे, कमी करणे, सोडणे. सोडले तर वहीत 'बुडीत' लिहू नका. तारीख घालून 'सोडले' लिहा आणि पान उलटा. हा आढावा दरवर्षी गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात घ्यावा, म्हणजे प्रार्थनेतला भूतकाळ खरा होतो.

मत्तय १८मधला दाखला या वहीशेजारी ठेवून वाचावा : राजाने ज्याचे १०,००० तालांतांचे ऋण सोडले तोच चाकर आपल्या सोबत्याला १०० दीनारांसाठी तुरुंगात टाकतो. १०,००० तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, कुणाला फिटणारच नाही अशी रक्कम. दुसरीकडे १०० दीनार म्हणजे १०० दिवसांची मजुरी. आज दिवसाला ५०० धरले तर ५०,००० रुपये. ही रक्कम क्षुल्लक नाही, सोडताना हात थरथरावा एवढी आहे. येशूने ती मुद्दाम तेवढी धरली असावी असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र ठाम सांगायला हवी. ऋण सोडण्याचा हक्क ज्याचे येणे आहे त्याचाच. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर, घरी जा' असे मंडळीने सांगणे म्हणजे तिचे येणे तिला न विचारता परस्पर सोडून देणे. हीच ओळ पुढे करून असा सल्ला दिला जातो, आणि तो प्रार्थनेचा विपर्यास आहे. तिथे आधी सुरक्षित जागा, डॉक्टरचा दाखला आणि पोलिसांत तक्रार करताना सोबत द्यायची. क्षमेचे तिचे ती ठरवेल.

शेवटचा वाद हटकून निघतो : कर्ज फक्त सभासदांनाच द्यायचे का? अनुवाद १५:३ परक्याकडून वसुलीची मुभा देते, आणि तेवढे वचन काढून दाखवणारे भेटतात. पण लूक ६:३५ परतफेडीची आशा न धरता उसने द्यायला सांगते, तेही वैऱ्याला. आणि किनाऱ्यावर एकाच बोटीत ख्रिस्ती, गाबीत (हिंदू मच्छीमार) आणि दालदी (मुसलमान मच्छीमार) खलाशी सोबत जातात. बोट बुडाली तर सगळ्यांची चूल एकाच दिवशी विझते. पहिली दोन वर्षे वही सभासदांपुरती ठेवून हिशेबाला हात बसू द्या. तिसऱ्या वर्षी वाडीतल्या कुणाचेही नाव त्याच वहीत, त्याच अटींवर, त्याच पानावर लिहा.