पिशवीतल्या पुड्या

आई आता बरी आहे, हे आधी सांगते. आर्णीहून, दिग्रसहून, अमरावतीहून इतके फोन आले की प्रत्येकीला सगळं सांगणं झालं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

ऑक्टोबरात आई पहिल्यांदाच माझ्याकडे इंग्लंडमध्ये, लेस्टरला आली. विमानतळावर पाहिलं तर चेहरा गोल, भरलेला. मला केवढं बरं वाटलं! बाबा गेल्यावर ती खंगून जाईल अशी धास्ती होती, आणि ही तर गालांनी भरून आलेली. मी फोटो काढून भावाला पाठवला, "आईची तब्येत सुधारली बघ." तो फोटो आता मला बघवत नाही.

डिसेंबरात तिला उलट्या सुरू झाल्या. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. जेवण नको, चहासुद्धा नको. थंडी बाधली असेल म्हणून मी दोन दिवस सुंठ-गूळ देत राहिले. तिसऱ्या दिवशी ती बाथरूमच्या दारात बसली ती उठेचना. गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. तिथे खुर्चीवर चार तास. आपल्या तालुक्याच्या गावी एव्हाना सलाइनची अर्धी बाटली गेली असती, हे मी त्या चार तासांत नवऱ्याला दहा वेळा ऐकवलं, आणि ते आजही माझं म्हणणं आहे. रात्री वॉर्डात घेतलं तेव्हा वरचं बीपी ८८ आणि रक्तातलं सोडियम १२४, दोन्ही फार कमी. सलाइन लागलं, अँटिबायोटिक सुरू झालं. कारण मात्र सापडत नव्हतं. औषधं कोणती चालू आहेत विचारल्यावर मी तोंडपाठ सांगितलं: बीपीची एक, शुगरची एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाशी एक तरुण खुर्ची ओढून बसला. मूळचा घानाचा, त्या वॉर्डाचा फार्मासिस्ट. मला वाटलं, गोळ्या द्यायला आला. तो आला होता विचारायला. पेशंट भरती झाल्यापासून २४ तासांच्या आत, तो घरी प्रत्यक्षात काय काय घेत होता हे ताडून बघायचं, असा इथला २०१५ पासूनचा दंडक आहे, आणि ते काम बहुतेक करून फार्मासिस्टचं. मी पुन्हा तीच दोन नावं सांगितली. तो म्हणाला, नावं नकोत, पिशवी आणा.

नवऱ्याने घरून आईची कापडी पिशवी आणली. फार्मासिस्टने ती जेवणाच्या टेबलावर रिकामी केली आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघायला लागला. मी चाळीस मिनिटं नुसती बघत होते. कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे होते, चार-चार गोळ्यांचे, ज्यांवर नाव अर्धं आणि एक्सपायरीची तारीख गायब. ते त्याने उजेडात धरून जुळवले. सरकारी दवाखान्यातली बीपीची अॅम्लोडिपिन आणि खाजगी डॉक्टरांनी दिलेली दुसऱ्या कंपनीची गोळी, ही एकच निघाली. आई दोन्ही घेत होती. डोळ्यांत टाकायचे थेंब, मलम, काढा, शेजारणीने दिलेलं काही, महिन्यातून एखाद्या वेळी घेतलेलं काही, त्याने काही सोडलं नाही. आई मला म्हणे, "काहून इचारते वं हा एवढं?"

पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्राचे घड्या घातलेले चौकोनी कागद होते, रिकामे. मी ते कचरा म्हणून बाजूला सारले. त्याने परत ओढले. घडीत पांढरी भुकटी अडकली होती. यात काय होतं?

"गुडग्याची पुडी व्हय थे," आई म्हणाली. "संपली न वं मांगच्या हप्त्यात."

किती दिवस घेत होता? दोन वर्षं. संपल्यानंतर किती दिवसांनी उलट्या सुरू झाल्या? मी बोटांवर मोजलं. आठ.

पुडीत तीन गोळ्या, एक पिवळी, एक गुलाबी आणि एक बारकी पांढरी. नाव कोणालाच माहीत नाही. कापूस वेचून आणि निंदण करून गावातल्या निम्म्या बायांचे गुडघे गेलेत, आणि त्या सगळ्या बाजाराच्या दिवशी एका डॉक्टरकडून या पुड्या आणतात. फार्मासिस्ट म्हणाला, गावात असं कोणी आहे का ज्याला हे माहीत असेल? तिकडे संध्याकाळचे साडेचार झाले होते. मी आमच्या मेडिकलवाल्या भाऊंना फोन लावला. ते एका वाक्यात म्हणाले, "ताई, बारकी पांढरी म्हणजे डेक्सा. दुसरं काय असणार?"

डेक्सामेथासोन. स्टेरॉइड.

फार्मासिस्टने जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल तयार करतात. बीपी टिकवायला, आजारपण झेपायला ते लागतं. बाहेरून महिनोन्महिने स्टेरॉइड मिळालं की शरीर आपलं बनवणं थांबवतं. मग एक दिवस गोळी बंद झाली की माणसाकडे बाहेरचं नाही आणि आतलंही नाही. बीपी कोसळतं, उलट्या होतात, सोडियम उतरतं, आणि वेळेत कळलं नाही तर जीव जातो. तो सरळ डॉक्टरांकडे गेला. रक्ताचा नमुना घेतला आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. संध्याकाळी आई उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "थोडासा चा भेटन का वं?" मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले.

रिपोर्ट नंतर आला, कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच. तो गोल चेहरा स्टेरॉइडचा होता. स्टेरॉइडने शुगर आणि बीपी दोन्ही वाढतात, त्यामुळे गेल्या वर्षी सुरू झालेल्या तिच्या त्या गोळ्या कदाचित या पुडीमुळेच लागल्या असतील, असं तो म्हणाला. गुडघ्याचं औषध शुगर आणतं, शुगरसाठी वेगळं औषध, बीपीसाठी आणखी वेगळं, आणि तिन्ही देणारे तिघं एकमेकांना ओळखत नाहीत.

इथे फार्मासिस्ट पलंगापाशी का बसतो आणि आपल्याकडे खिडकीच्या पलीकडे का उभा असतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. इथली सरकारी आरोग्यसेवा १९४८ ची. आपला फार्मसी कायदाही १९४८ चाच. त्यातच लिहिलं आहे की औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. पण आपल्याकडे भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर माणूस दुसरा. माझा मावसभाऊ डी.फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, झाला, त्याचं सर्टिफिकेट एका दुकानात टांगलेलं आहे, तो स्वतः पुण्याला कंपनीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माणसाला आपण 'औषध निर्माण अधिकारी' म्हणतो. त्याच्यापुढे सकाळी शंभर जणांची रांग असते, शिवाय साठ्याचं रजिस्टर आणि 'ई-औषधी'च्या संगणकावरच्या नोंदी. तो बिचारा "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर" याच्या पुढे काय बोलणार? सहा वर्षांचा फार्म.डी. कोर्स २००८ साली आपल्याकडे सुरू झाला, तो खास याच कामासाठी, वॉर्डात बसून पेशंटची औषधं तपासायला. त्या मुलामुलींना आपल्या तालुक्यात पगार देऊन कोण बसवतंय?

आणि आपल्याला हे जमणार नाही असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाला जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन मोजून द्यायला शिकवलं, आणि तिथले बालमृत्यू, पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगाने मान्य केलं. जेंटामायसिन म्हणजे डोस चुकला तर कान आणि किडनी दोन्हीला धोका. इथल्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट त्याची रक्तातली पातळी बघून डोस ठरवायला मदत करतो. तेच औषध आपल्या बायांनी खेड्यातल्या खाटेशेजारी बसून दिलं.

मला एक-दोघींनी विचारलं, तू एवढी शिकलेली, आईची पिशवी कधी बघितली नाहीस? नाही बघितली. मी दोन वर्षांतून एकदा येते, पंधरा दिवसांसाठी, त्यातले पाच नातेवाइकांकडे जातात. दर महिन्याला औषधांचे पैसे पाठवते, रोज फोन करते, "गोळ्या घेतल्या का" विचारते आणि ती "हाव" म्हणते. शेजारी राहणाऱ्यांनाही पुडीत काय आहे ते कळलं नव्हतं. हे मी स्वतःला सांगते, आणि रात्री पुन्हा तो फोटो आठवतो.

डिस्चार्जच्या दिवशी फार्मासिस्टने कागदावर सूर्य उगवताना, डोक्यावर आणि मावळताना काढून दिला आणि त्यासमोर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या: १०, ५, ५ मिलिग्रॅम. ताप आला तर डोस दुप्पट, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शन. सोबत एक लाल कार्ड, २०२० पासून इथे स्टेरॉइडवरच्या पेशंटना देतात ते, बेशुद्ध अवस्थेत कोणी आणलं तरी डॉक्टरला कळावं म्हणून. आईने ते पोथीत ठेवलं होतं, मी काढून तिच्या बटव्यात घातलं.

त्या कार्डाचा फोटो मी मेडिकलवाल्या भाऊंना पाठवला, आई मार्चमध्ये परत गेली की लक्ष ठेवा म्हणून. बराच वेळ उत्तर नाही. मग त्यांचा फोन आला. हेच ते भाऊ, बाबांच्या वेळी रात्री दोनला शटर उघडणारे, कापूस विकेपर्यंत उधारी लिहून ठेवणारे. म्हणाले, "ताई, मले माहीत होतं पुडीत काय असते. पण इतके वर्षं कोणी इचारलंच नाही, अन् आपण सांगावं त डॉक्टरशी वाकडं होते. हे कार्ड मराठीत करून पाठवता का? माझ्याकडे अजून अकरा-बारा जणी हायेत त्या पुडीवर."

काल रात्री लिहून काढलं. 'मी बरेच दिवस स्टेरॉइडची गोळी घेतली आहे. ती एकदम बंद करू नका. मला उलट्या, चक्कर किंवा बेशुद्धी आली तर लगेच हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्या.' त्याखाली नाव आणि फोन नंबरसाठी जागा. भाऊ म्हणाले, अक्षर मोठं ठेवा, पण रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये बसेल एवढंच करा.