पाचू कवडा

दुपारी गॅलरीच्या काचेवर पांढुरका ठसा दिसला. दोन्ही पंख पसरलेले, मधे छातीचा गोल, पिसांच्या रेघा वेगळ्या ओळखू याव्यात इतका स्वच्छ. कबुतरवर्गाच्या अंगावर पिसांचीच बारीक भुकटी असते, ती काचेला लागते. खाली पक्षी नव्हता, म्हणजे सावरून उडाला असणार. पारवाच असेल. पण आमचं घर पहिल्या मजल्यावर आणि मागे येऊरचा डोंगर, म्हणून मी ठरवून टाकलं की हा पाचू कवडा. खालून, झाडांच्या गर्दीतून सुसाट जाणारा पक्षी. काच त्याच्या हिशेबात नसतेच.

लहानपणी बाबा रविवारी पहाटे येऊरला न्यायचे. एकदा त्यांनी मागे हात करून मला थांबवलं. पुढे पायवाटेवर एक कवडा पडलेली फळं टिपत निवांत चालला होता. चोच लालभडक, छाती जांभुळसर गुलाबी. सावलीत पंख मळकट दिसत होते. उन्हाच्या कवडशात पाऊल टाकलं आणि पाठ अशी हिरवी पेटली की माझ्या तोंडून "अय्या" निघालं. झालं, गेला. बाबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

त्याचं घुमणंही खोल, नाकातलं. झाडीमागे कुणी कण्हतंय असं वाटतं.

घरटं मात्र अगदीच कामचलाऊ. चार काटक्या आडव्या-उभ्या टाकल्या, त्यावर दोन अंडी, झाला संसार. आई म्हणायची, "ही जातच आळशी." मग मी कुठेतरी वाचून तिला सांगितलं की यांच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो आणि पिल्लांना तो नरसुद्धा भरवतो. आईने पेपर वाचणाऱ्या बाबांकडे नुसतं पाहिलं.

तामिळनाडूने पाचू कवड्याला राज्यपक्षी केलंय. आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, तोही याच कुळातला. म्हणजे दोन राज्यांनी मानाने कबुतरंच निवडली, असं मी मोठ्या उत्साहाने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं.

लगेच उत्तर आलं, "ताई, जाळीवाल्याचा नंबर आहे का?"

होता. पाठवला.