तीन पावलांचा पूल

पुलाने माणसाला पलीकडे न्यावं, एवढीच आपली त्याच्याकडून अपेक्षा. चीनमधल्या सुझोऊ शहरातल्या वांगशी बागेतल्या यिनजिंग पुलाला मात्र नेण्यासारखं पलीकडेच नाही. लांबी जेमतेम अडीच मीटर, रुंदी एका माणसापुरती. तीन पावलांत संपतो, म्हणून लोक त्याला तीन पावलांचा पूलच म्हणतात. खालचा ओहळ शाळकरी पोर धावत येऊन सहज ओलांडेल. आपला कोकणातला साकवसुद्धा याच्यापुढे भारदस्त वाटावा.

पण थाट बघा! दगडी कमान, दोन्ही अंगांना बुटके कठडे, चढायला-उतरायला पायऱ्या. मोठ्या पुलाचं सगळं याच्याकडे आहे, मोठेपण सोडून.

हे उगाच नाही. बागच मुळात दीड एकराहून लहान. बाराव्या शतकात शी झेंगझी या अधिकाऱ्याने ही जागा वसवली, अठराव्या शतकात सोंग झोंगयुआन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती नव्याने उभारली. मधलं तळं वीसेक मीटर रुंद असेल-नसेल. आता एवढ्याशा पाण्याचं सरोवर करायचं कसं? तर कोपऱ्यात हा पूल ठेवायचा. समोरच्या काठावरून पाहणारा डोळा पुलाला नेहमीच्या पुलाएवढा धरून चालतो आणि त्या मापाने तळं आपोआप वाढत जातं. शिवाय ओहळ पुलाखालून खडकांच्या आड शिरतो, त्यामुळे पाणी संपलं असं वाटतच नाही, लांबून कुठून तरी येतंय असंच वाटतं. समोरच्या, वायव्येच्या कोपऱ्यात पाण्यालगत एक नागमोडी सपाट पूल आहे, तोही याच कटात सामील. मोठी दालनं काठापासून मागे सारलेली, काठावरची बांधकामं ठेंगणी. सगळ्यांनी मिळून केलेली ही फसवणूक मला तरी खऱ्या सरोवरापेक्षा जास्त आवडते.

प्रत्यक्ष पुलावर पाय ठेवला की मात्र बिंग फुटतं. समोरून कोणी आलं तर एकाला मागे सरावं लागतं, आणि फोटो काढणाऱ्यांमुळे समोरून कोणी ना कोणी येतंच.

1981 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये याच बागेतल्या एका अंगणाच्या धर्तीवर चिनी अंगण खुलं झालं. खांब, कौलं, खडक सगळं थाटलं. हा पूल तिथे नाही. शहाणपणाच केला म्हणायचा, कारण त्याच्यासोबत अख्खं तळं न्यावं लागलं असतं.