जॅक बाँडचा १९७१ चा जिलेट चषक

इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमधील १९७१ च्या जिलेट चषकाचा विषय निघाला की डेव्हिड ह्यूजच्या त्या एका षटकाची आठवण हमखास निघते आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्या हंगामाकडे पुन्हा पुन्हा ओढून नेतो तो लँकेशायरचा ३९ वर्षांचा कर्णधार जॅक बाँड.

बाद पद्धतीच्या या स्पर्धेत तेव्हा प्रत्येक डाव साठ षटकांचा असे. २८ जुलैला ओल्ड ट्रॅफर्डवरील उपान्त्य सामन्यात ग्लॉस्टरशायरने ६ बाद २२९ धावा केल्या होत्या, आणि दुपारी पावसाने वेळ खाल्ल्यामुळे लँकेशायरचा डाव पार रात्रीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. ७ बाद २०३ अशा अवस्थेत ह्यूज मैदानात उतरला, तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि शेजारच्या रेल्वे स्थानकातील दिवे लागले होते. उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण करण्याची सोय नियमांत होती. तरीही बाँड खेळपट्टीवरून हलला नाही. अंधाराचा विषय निघताच पंच आर्थर जेप्सन यांनी आकाशातल्या चंद्राचा दाखला दिला, हा किस्सा प्रसिद्धच आहे. पाच षटकांत २५ धावा हव्या असताना ह्यूजने जॉन मॉर्टिमोरच्या ऑफस्पिनवर चार, सहा, दोन, दोन, चार, सहा अशा २४ धावा झोडपल्या. उरलेली एक धाव बाँडने माइक प्रॉक्टरसारख्या वेगवान गोलंदाजाला, तेही जवळजवळ काळोखात, खेळून काढली. माझ्या लेखी ती धाव त्या दोन षटकारांइतकीच मोलाची आहे.

लॉर्ड्सवरचा अंतिम सामना ४ सप्टेंबरला झाला. त्या उन्हाळ्यात भारताकडून इंग्लंडविरुद्ध तिन्ही कसोट्या खेळलेला फारूख इंजिनियर हा लँकेशायरचा यष्टिरक्षक होता, त्यामुळे हा संघ मला कधी परका वाटला नाही. लँकेशायरच्या २२४ धावांचा पाठलाग करणाऱ्या केंटला चार गडी हाताशी असताना २८ धावा हव्या होत्या आणि आसिफ इक्बाल ८९ धावांवर सहज खेळत होता. जॅक सिमन्सच्या चेंडूवर त्याने एक्स्ट्रा कव्हरच्या दिशेने जोरदार फटका मारला, तेव्हा बाँडने उजवीकडे झेपावून तो झेल घेतला. केंटचे अखेरचे चार गडी तीन धावांत बाद झाले.