फायली आल्या, सर्व्हर कुठे आला?

सकाळी सर्व्हर बंद पडलेला आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एनव्हीएमई डिस्कचं, म्हणजे वेगवान एसएसडीचं, नावच नाही. स्लॉट बदलून पाहिला, तरी तेच. डिस्कने मान टाकली होती, आणि तिच्यावरचे दर तासाचे स्नॅपशॉट, म्हणजे फायलींची त्या-त्या क्षणाची गोठवलेली चित्रं, तेही तिच्याबरोबर गेले. बीटीआरएफएस या आमच्या फाइल सिस्टीमचा स्नॅपशॉट ही वेगळी प्रत नसतेच. मूळ फाइल आणि स्नॅपशॉट दोघेही डिस्कवरचे तेच ब्लॉक वापरतात. तरी लोक त्यालाच बॅकअप म्हणतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं. आमच्याकडे रोज रात्री एक स्नॅपशॉट सेंड-रिसीव्ह या बीटीआरएफएसच्याच सोयीने दुसऱ्या डिस्कवर जायचा, म्हणून निभावलं.

नवी डिस्क बसवली, लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू केलं, पार्टिशन पाडली आणि शेवटचा स्नॅपशॉट परत आणायला लावला. आलेला स्नॅपशॉट रीड-ओन्ली असतो. तो फ्लॅग काढून टाकायचा मोह होतो, पण त्याने पुढच्या इन्क्रिमेंटल (फक्त बदल पाठवणाऱ्या) बॅकअपची साखळी बिघडू शकते. त्यापेक्षा त्याच्यावरूनच लिहिता येण्याजोगा दुसरा स्नॅपशॉट घ्यावा, क्षणात होतो.

मग पोस्टग्रेस या डेटाबेसची डेटा डिरेक्टरी उघडली. रिकामी.

"डेटा आला ना?" साहेबांनी मागून विचारलं.

"बघतोय," एवढंच म्हणालो.

सबव्हॉल्यूमच्या, म्हणजे फाइल सिस्टीममधल्या स्वतंत्र कप्प्याच्या, पोटात दुसरा सबव्हॉल्यूम असला तर स्नॅपशॉट त्यात शिरत नाही. त्या जागी नुसती रिकामी डिरेक्टरी दिसते. ज्याने कुणी हा सर्व्हर उभारला, त्याने डेटाबेसला वेगळा सबव्हॉल्यूम दिला होता. बॅकअप डिस्क चाळली, तर त्याचा स्वतंत्र स्नॅपशॉट तिथे होता, त्याच रात्रीचा. जीव भांड्यात पडला.

फायली आल्या, पण मशीन बूट होईना. होणार तरी कसं? बूटची सुरुवात जिथून होते ती ईएफआय पार्टिशन फॅट या वेगळ्या फाइल सिस्टीमची असते, ती स्नॅपशॉटमध्ये येतच नाही. शिवाय नव्या फाइल सिस्टीमचे यूयूआयडी (ओळख-क्रमांक) नवे, आणि काय कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फायलीत जुनेच. ते तसेच ठेवले तर सिस्टीमच्या सेवा सुरू करणारं सिस्टीमडी 90 सेकंद त्या मेलेल्या डिस्कची वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. सीएचरूट करून, म्हणजे लाइव्ह यूएसबीवरूनच नव्या डिस्कवरच्या सिस्टीममध्ये शिरून, एफएसटॅब दुरुस्त केली, ग्रब हा बूटलोडर नव्याने बसवला, बूटच्या सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस पुन्हा बनवली. खरा वेळ खाल्ला तो या भागाने. बॅकअपच्या गप्पांत याचं नावही निघत नाही.

लॉगिन आलं. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये ओळ होती: डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, रिकव्हरी सुरू आहे. मी निवांत होतो. पोस्टग्रेसच्या लेखी असा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेलेलं मशीन. डेटा आणि वॉल (बदल आधी जिथे लिहिले जातात ती नोंदवही) एकाच सबव्हॉल्यूममध्ये, म्हणजे दोन्ही एकाच क्षणाचे. वॉल वाचून ते स्वतःच सावरतं. सावरलंच.

रात्रीच्या स्नॅपशॉटनंतर झालेल्या नोंदी मात्र गेल्या. त्या कोणत्या, हे ईमेल चाळून शोधायचं आणि हाताने भरायचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. साहेबांनीच मग विचारलं, सेंड रोजच्याऐवजी दर तासाला का नको? त्याच दिवशी वेळापत्रक बदललं.